कोरियातल्या डोंगरात दोन रात्री : टेम्पल स्टेचा अनुभव (आणि हिंगाची गोष्ट)

सुईदोरा

नमस्कार मंडळी. मी मूळची चिंचवडची, गेले चौदा महिने कामानिमित्त कोरियात चांगवॉनला आहे. ऑक्टोबरअखेर एक मोठं काम हातावेगळं झालं आणि त्यानंतर माझी झोपच उडाली. काम चालू होतं तेव्हा चार तास का होईना, दगडासारखी झोपायचे. काम संपलं आणि रात्री दोनला छताकडे बघत पडू लागले. ऑफिसातल्या एक ताई (इथेही वयाने मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, 'ऑन्नी' म्हणायचं, म्हणजे ताईच) म्हणाल्या, मठात जाऊन ये, टेम्पल स्टे घे.

हे प्रकरण सुरू झालं २००२ मध्ये. फुटबॉलचा विश्वचषक कोरिया-जपानमध्ये होता, हॉटेलांच्या खोल्या पुरणार नाहीत म्हणून डोंगरातल्या बौद्ध मठांनी परदेशी पाहुण्यांना दारं उघडली. विश्वचषक संपला, पाहुणे काही संपले नाहीत. आज शंभराहून जास्त मठांत सोय आहे. एका प्रकारात दिवसभराचा कार्यक्रम आखलेला असतो. दुसरा नुसता विश्रांतीचा. मी दुसरा घेतला आणि मठ निवडला हेइन्सा.

हेइन्सा आहे गायासान डोंगरात. सन ८०२ मधला मठ. डोंगराचं नाव आपल्या बोधगयेवरून पडलं असं काही जण सांगतात, काही जण जुन्या 'गाया' राज्याचा हवाला देतात. मला अर्थातच पहिलं पटलं. देगू शहरातून दीड तासाची बस, मग चढण. शेजारून ओढा वाहतो. शरद ऋतूत पानांच्या रंगाने पाणी लाल दिसतं म्हणून दरीचं नाव होंग्न्युदोंग, लाल प्रवाहाची दरी. मी पोचले नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. पानं गळून गेलेली, पाणी पाण्याच्याच रंगाचं, आणि थंडी अशी की कानाच्या पाळ्या आहेत की नाहीत हे चाचपून बघावं.

पोचल्यावर ढगळ विजार आणि बिनबाह्यांचा सदरा मिळाला. सगळ्यांना एकसारखा. खोलीत काही म्हणजे काही नाही. एक पातळ गादी, एक पांघरूण, आणि जमीन मात्र उबदार. इथे जमिनीखालून घर तापवतात, त्याला ओन्डोल म्हणतात. गार हवेतून येऊन त्या जमिनीवर पाठ टेकली की चुलीजवळ पाटावर बसल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी अंगणात चार वाद्यं वाजतात. मोठा ढोल जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, पोकळ लाकडी मासा पाण्यातल्या जिवांसाठी, ढगाच्या आकाराचा धातूचा पत्रा पाखरांसाठी, आणि शेवटी घंटा, पाताळात अडकलेल्यांसाठी. ढोलावर भिक्खू आळीपाळीने येतात. एकाचे हात थकले की दुसरा ताल न मोडता तसाच पुढे उचलतो. घंटेचे संध्याकाळी तेहतीस ठोके. तेहतीस म्हणजे त्रायस्त्रिंश, तेहतीस देवांचा स्वर्ग. आपल्या तेहतीस कोटींची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

आता खरं सांगते. पहिल्या रात्री मला तिथेही झोप लागली नाही. नऊला दिवे गेले. बाहेर इतकं शांत की स्वतःच्या पोटातले आवाज ऐकू येत होते. शांततेत झोप लागते हे ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांनी ती शांतता कधी ऐकली नसावी. तीनच्या सुमारास कुणीतरी लाकडी मोकताक टोक-टोक वाजवत, मंत्र म्हणत अंगणातून फिरू लागलं. जागीच होते, उठले.

पहाटेच्या प्रार्थनेनंतर काही जण १०८ नमस्कार घालणार होते, त्यांच्यात सामील झाले. गुडघे, कोपर, कपाळ जमिनीला, तळहात वर उचलायचे, मग हात न टेकता उभं राहायचं. प्रत्येक नमस्काराला एक मणी ओवायचा. साठाच्या पुढे माझ्या मांड्यांनी असहकार पुकारला. याच मठात सोंगचोल नावाचे मोठे भिक्खू होऊन गेले (१९१२ ते १९९३). त्यांना भेटायचं तर आधी बुद्धासमोर तीन हजार नमस्कार घालून या, अशी अट असे. माझी भेट एकंदरीत हुकली असती.

सकाळी कळलं की स्वयंपाकघरात किमजांग चाललंय, म्हणजे हिवाळ्याची किमची (कोबीचं आंबवलेलं लोणचं) घालणं. वाळवणाचे दिवस आठवा. तसंच अंगण, तशाच बायका, पापडांच्या जागी मिठाच्या पाण्यात भिजलेल्या कोबींचे डोंगर. मला मुळे धुवायला बसवलं. मठाच्या किमचीत लसूण नाही, माशांचं पाणी नाही. मठात पाच उग्र गोष्टी वर्ज्य. शिजवून खाल्ल्या तर वासना वाढते, कच्च्या खाल्ल्या तर राग, असं मानतात. दुभाषी मुलीने बोटं मोजून सांगितलं: लसूण, कांद्याची पात, एक चपट्या पातीची भाजी, एक रानातली, आणि पाचवी 'हुंगो', ती कोरियात मिळतच नाही, आमच्यापैकी कुणी पाहिलेलीसुद्धा नाही. म्हणून तिच्या जागी साधा कांदा धरतात.

दुपारी फोनवर शोधलं. हुंगो म्हणजे हिंगू. हिंग! आणि माझ्या पिशवीत, आईने बळेबळे दिलेली हिंगाष्टक चूर्णाची बाटली. तिथल्या कुणी कधी न पाहिलेली पाचवी गोष्ट मी सदऱ्याखाली घेऊन दोन दिवस मठात हिंडत होते.

जेवून खोलीत आले. बुडाखाली गरम जमीन. जरा टेकते म्हटलं. उठले तेव्हा बाहेर ढोल सुरू झाला होता. साडेचार तास! भिक्खूंबरोबर चहा ठरला होता, तो हुकला. धावत जाऊन माफी मागितली, तर दुभाषी मुलगी म्हणाली, उद्या या. बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. मी मनात मोठे प्रश्न तयार ठेवले होते. सुनिमांनी (भिक्खूंना असं संबोधतात) विचारलं, झोप झाली का. झाली म्हटलं. मग ते बोधगयेला गेले होते त्याचं सांगत बसले. तिथे त्यांचं पोट इतकं बिघडलं की बोधिवृक्षाखाली फक्त दहा मिनिटं बसता आलं. हिंगाष्टकाची बाटली पुढे करायचा मोह मी कसा आवरला ते माझं मला माहीत.

परतीच्या बसमध्ये विचार करत होते की झोप नेमकी कशाने आली. डोंगर, ओढा, शांतता हे सगळं पहिल्या रात्रीही होतंच की. मला वाटतं फरक एवढाच होता की दीड दिवस मी काहीही ठरवलं नव्हतं. काय घालायचं, काय खायचं, किती वाजता, कुणाला काय उत्तर द्यायचं. मुळे धू म्हटलं, मुळे धुतले. चौदा महिने दिवसाला शंभर गोष्टी ठरवून डोकं शिणलं होतं, आणि ते मला शरीराचा थकवा वाटत होतं.

मार्चमध्ये पुण्याला परत येतेय. आपल्याकडे असं काही आहे का? तुमचे अनुभव लिहा.

*

कोरडा_खाऊ

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. फोटो?

*

हिशेबनीस

लेख आवडला पण एक विचारतो, राग मानू नका. पैसे किती? स्वतः मुळे धुवायचे, स्वतःची ताटली घासायची, पहाटे तीनला उठायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे?

*

सुईदोरा

@कोरडा_खाऊ, फोन बहुतेक वेळ खोलीतच होता, ढोलाचा एक अंधारा फोटो आहे, घरी जाऊन टाकते.
@हिशेबनीस, मी गेले तेव्हा रात्रीला सत्तर हजार वॉन, म्हणजे चार हजार रुपयांच्या थोडं वर, जेवणासकट. मुळे धुवायची सक्ती नव्हती हो. प्रार्थनाही विश्रांतीवाल्यांना ऐच्छिक असते.

*

मौनी_बाबा_नव्हे

आपल्याकडे आहे का म्हणता, तर इगतपुरीचं धम्मगिरी आहेच. गोएंका गुरुजींचं, १९७६ पासून शिबिरं चालू आहेत. मी दोनदा गेलोय. पण ते आणि हे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, विश्रांती म्हणून अजिबात जाऊ नका.

दहा दिवस. पहाटे चारला घंटा, रात्री नऊनंतर झोप, मध्ये दहाएक तास बैठक. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना देतात. बोलणं नाही, खुणा नाहीत, फोन, वही-पेन सगळं जमा. नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ-चुरमुरे, जुन्यांना तेही नाही, लिंबूपाणी. पैसे एक रुपया घेत नाहीत. शिबिर पूर्ण केल्यावर मनात आलं तर दान, आणि ज्याने शिबिर केलेलं नाही त्याचं दानसुद्धा घेत नाहीत. हिशेबनीस, नोंद घ्यावी.

पण दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी मी बॅग भरून बसलो होतो. धागाकर्तीने जे लिहिलंय की 'काही ठरवावं लागलं नाही', ते तिथेही आहे. फक्त तिथे ती रिकामी जागा भरायला तुमचा सगळा जुना माल वर येतो. मुळे धुवायला मिळाले असते तर मी त्या दिवशी आनंदाने ट्रकभर धुतले असते.

*

निवांत_काकू

सुईदोरा बाळा, तू जे एवढं लांब कोरियात जाऊन शोधलंस त्याला आपल्यात साधा शब्द आहे, माहेरपण. जेवायला काय करू हा प्रश्न आपण कुणाला विचारायचा नाही आणि आपल्याला कुणी विचारायचा नाही. दुपारी आडवं झालं तर पाच वाजेपर्यंत कुणी उठवायचं नाही. मी पहिल्या बाळंतपणानंतर माहेरी गेले तेव्हा आठ दिवस नुसती झोपत होते, आई म्हणायची पोर आजारी आहे का बघा.

आई गेल्यावर माहेर राहतं, माहेरपण जातं. भाऊ-वहिनी फार चांगली आहेत, पण मी गेले की वहिनीच्या डोक्यावर माझा स्वयंपाक येतो हे मला दिसतं, मग मीच पोळ्या लाटायला उभी राहते. तेव्हा पैसे देऊन माहेरपण मिळत असेल तर मला पत्ता दे.

*

अवेळी_अलार्म

काकू _/\_. पण पहाटे तीनला टोक-टोक करून उठवणारं माहेर मी ऐकलं नव्हतं :)

*

निवांत_काकू

तीनला उठून चहा कुणी दुसऱ्याने केला असेल तर मी दोनला उठेन.

*

पिंपळपान

लेख वाचून आधी थोडा वैताग आला, मग पुन्हा वाचला. लिहू की नको करत लिहितेय.

पहिली गोष्ट, शीर्षकात नाही पण प्रतिसादांत 'बौद्ध मंदिर' सुरू होईल म्हणून आधीच सांगते, आम्ही विहार म्हणतो. दुसरी गोष्ट जरा मोठी. आमच्या घरात विहाराचा संबंध विश्रांतीशी कधीच नव्हता. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होती, कडेवर माझ्या मोठ्या मामाला घेऊन. तिच्यासाठी तिथे जाणं म्हणजे ताठ उभं राहणं होतं. वर्षावासाचे (पावसाळ्यात भिक्खू एकाच जागी राहतात तो काळ) तीन महिने आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी वाचन होतं, भांडणं होतात, मुलांचा अभ्यास घेतला जातो, लाऊडस्पीकर तर असतोच. शांतता शेवटची. त्यामुळे 'बौद्ध म्हणजे डोंगर, धुकं, चहा' हे चित्र जगभर विकलं जातं तेव्हा मला माझी आजी त्यात कुठेच दिसत नाही.

तुम्ही तसं लिहिलेलं नाही हे मान्य. तुमच्या लेखात किमची आहे, बिघडलेलं पोट आहे. आणि तो नमस्कार वाचून बरं वाटलं, आम्ही त्याला पंचांग प्रणाम म्हणतो. पण तुम्ही त्या मठाबद्दल फार कमी लिहिलंय. तो मठ पाहुण्यांना झोपवण्यासाठी तर बांधला नसेल ना?

*

सुईदोरा

@पिंपळपान, बरं झालं लिहिलंत. नाही, झोपवण्यासाठी नाही बांधला. त्यावर लिहायचंच राहून गेलं, हिंगाने सगळी जागा खाल्ली.

कोरियात त्रिरत्नांचे तीन मठ मानतात. तोंगदोसा बुद्धाचा, सोंगग्वांगसा संघाचा आणि हेइन्सा धम्माचा. धम्माचा का, तर तिथे संपूर्ण त्रिपिटक लाकडावर कोरून ठेवलंय. एक्याऐंशी हजारांहून जास्त पाट्या, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, पाच कोटींहून जास्त अक्षरं. कोरल्या कधी, तर १२३६ ते १२५१, मंगोल आक्रमण चालू असताना. आधीचा संच मंगोलांनी जाळला होता, दरबार पळून एका बेटावर बसला होता आणि तिथे यांनी पुन्हा पहिल्यापासून कोरायला घेतलं. १३९८ मध्ये पाट्या हेइन्साला आणल्या.

ज्या दालनात त्या ठेवल्यात ते पंधराव्या शतकातलं, १९९५ पासून जागतिक वारसा. आम्हाला फक्त गजांच्या फटीतून पाहता आलं. मी मेकॅनिकलवाली, माझी नजर भिंतीवर. समोरच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या, वरच्या लहान. मागच्या भिंतीत नेमकं उलटं. हवा आत येते, फिरते, निघून जाते. जमिनीत कोळसा, मीठ, चुना, माती. ना पंखा ना एसी, सहाशे वर्षं लाकूड वाकलेलं नाही. मठाला कितीतरी वेळा आग लागली, दालन वाचलं. १९५१ मध्ये कोरियन युद्धात या डोंगरावर बॉम्ब टाकायचा हुकूम झाला होता, तो किम योंग-ह्वान या वैमानिकाने पाळला नाही.

आणि वर्षावास तिथेही आहे! उन्हाळी तीन महिने आणि वर हिवाळी तीन महिने, कारण तिथे पावसासारखाच बर्फ अडवतो. मी गेले तेव्हा हिवाळी नुकता बसला होता. ध्यानाच्या दालनाकडे जाणाऱ्या वाटेवर आडवा बांबू टाकलेला होता, पुढे जायचं नाही. आम्ही पाहुणे इकडे लोळत होतो आणि बांबूच्या पलीकडे लोक सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेले होते. आजीबद्दल अजून लिहा ना, वेगळा धागा काढा.

*

पिंपळपान

युद्धात बसून पाट्या कोरणारे आजीला आवडले असते. धागा काढते, परीक्षा झाल्या की (मुलांच्या).

*

सह्यवेडा

पुणे-मुंबईकरांनो, कान्हेरी विसरलात? बोरिवलीच्या जंगलात शंभरावर लेणी, बहुतेक भिक्खूंच्या राहण्याच्या. प्रत्येक खोलीत झोपायला दगडी ओटा, दाराशी पाण्याचं टाकं, बाहेर बसायला बाक. पावसाळ्यात आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी उघडताच आत शिरा, वरच्या बाजूच्या लेण्यांपर्यंत सहसा कुणी चढत नाही. दगडी ओट्यावर पाठ टेकून बघा, मापाचा आहे. ओन्डोल नाही, तेवढं सोसा. रविवारी जाऊ नका, रविवारी तिथे अर्धी मुंबई आणि सगळी माकडं असतात.

*

तोक्योतला_तात्या

जपानातलं घ्या मग. कोयासान डोंगरावर ८१६ साली कूकाई या भिक्खूंनी मठ वसवला, आज पन्नासेक मठांत मुक्काम करता येतो. कोरियापेक्षा बरंच महाग आणि बरंच आरामशीर, जेवण लाखेच्या लाल ताटांत खोलीत येतं. आम्ही नवरा-बायको गेलो होतो. पहाटे काही मठांत 'गोमा' होतो. अग्नी पेटवून त्यात समिधा टाकतात, मंत्र संस्कृतातून चीनमार्गे गेलेले. गोमा म्हणजे होम! बायको म्हणाली, सत्यनारायणाच्या वासापासून सुटका म्हणून इथे आले तर इथेही डोळ्यांत धूर.

*

गोळी_घ्या

डॉक्टर म्हणून दोन ओळी. मोठं काम संपल्यावर काही दिवस झोप बिघडणं नेहमीचं आहे. पण तीन-चार आठवड्यांच्या वर गेलं, किंवा जोडीला मन सतत उदास असेल, तर मठाच्या आधी डॉक्टर. आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी १०८ च्या नादी लागू नये, खुर्चीवर बसून मान लववली तरी चालते, बुद्ध मोजत नाही.

*

हिशेबनीस

मणी ओवतात म्हणजे कुणीतरी मोजतंय.

*

चिंचेचा_कोळ

मी फेब्रुवारीत सोलला जातेय, ऑफिसच्या कामासाठी, शेवटी दोन दिवस मोकळे आहेत. एकटी आहे. शाकाहारी. कोरियन शून्य. जमेल का? आणि सुईदोरा, आता झोप कशी आहे ते सांगितलंच नाहीस.

*

सुईदोरा

जमेल. टेम्पल स्टेच्या अधिकृत संकेतस्थळावर इंग्रजीत नोंदणी होते, तिथे मठ निवडताना इंग्रजी बोलणारं कुणी आहे का ते बघ, सगळीकडे नसतं. एकट्या बायका पुष्कळ असतात, खोल्या बायका-पुरुषांच्या वेगळ्या. शाकाहारी माणसाला कोरियात निर्धास्त जेवता येईल अशी ही मला सापडलेली एकमेव जागा, भातात काय घातलंय हे विचारावं लागत नाही. फक्त ताटात वाढून घेतलेलं टाकायचं नाही, म्हणून थोडं-थोडं घे.

सोलहून वेगवान रेल्वेने दोंगदेगू, दोन तासांच्या आत. तिथून मेट्रोची एक नंबरची लाईन पकडून पश्चिम बस स्थानक, मग हेइन्साची बस. जाड मोजे ने, अनवाणी प्रार्थनेला जात नाहीत, आणि फेब्रुवारीत त्या लाकडी फरशीवर अनवाणी उभं राहायची तुझी हिंमतही होणार नाही. टॉवेल आपला. छोटी विजेरी ने, पहाटेच्या पायऱ्या अंधारात असतात.

झोप बरी आहे. रोज नाही. रविवारी काय करायचं ते आता मी ऑन्नीवर सोपवलंय, ती म्हणेल तिकडे जाते, गेल्या रविवारी तिच्या सासूकडे कोबी चिरत होते.

आणि निघताना पिशवी एकदा तपास, आईने काही घातलंय का ते.